टाक्या रिकाम्या होईपर्यंत

तळ्यावरचा बर्फ फुटून आठवडा झाला होता.
काठाला अजून कपच्या किणकिणत होत्या,
तेव्हा ते आले माझ्या शेडवर, मिनेसोटातल्या आमच्या टॅमरॅक तळ्याशी:
आर्व्हिड सँडव्हिक, वय एकसष्ट, डावा गुडघा धातूचा,
आणि त्याची लेक सोल्वे.
एकाच पिकअपच्या दोन दारांनी उतरले
आणि दोन वेगळ्या बोटींकडे चालत गेले.

त्याला हवं होतं सपाट पाणी.
ताशी चौतीस मैल, सहा बोये, एक स्की,
आणि बोटीमागे एवढीशीच सुरकुती,
इस्त्री फिरवल्यावर कॉलरला उरते तेवढी.

तिला लाट हवी होती.
ताशी अकरा मैल. दोरी हातातून टाकून द्यायची
आणि बोटीच्या पाठीशी, बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ,
उभं राहायचं पाण्याच्या उतारावर, कुणी न ओढता.
"कुणी न ओढता," ती पुन्हा म्हणाली.
तो वाकून ट्रेलरचे टायर बघत राहिला.

बावीस वर्षं मी इंजिनांत हात काळे केलेत.
दोन डगरींवर हात ठेवू नये, हे मलाही कळतं.
पण पैसे एकाच बोटीचे होते,
तेही अर्धे जुनी विकून.

स्वस्तातली एक त्याने शोधून ठेवली होती,
पंखा मागे उघडा.
मी नाही म्हणाले, त्यावर घासाघीस नाही.
लाटेवरचं माणूस पडतं ते बोटीच्या मागेच;
पंखा पोटाखाली लपलेला हवा.
इथे पहिल्यांदा दोघांनी एकदम मान हलवली.

शेवटी ही: एकवीस फूट, इंजिन मागच्या बाकाखाली,
तळ असा की रिकामी असेल तर पाण्याला फार दुखवत नाही.
तीन टाक्या. त्या भरल्या की हीच बोट
जेवून उठलेल्या काकासारखी बसते मागे.
कडेला दोन पत्रे: डावा खाली सोडला
की उजवीकडची लाट स्वच्छ होते.

"पुढे कुठला पाय?" मी विचारलं, वजन कुठे टाकायचं ते ठरवायला.
"उजवा," ती म्हणाली.
"उजवा," तोही म्हणाला, जरी त्याला विचारलंच नव्हतं.
तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं.
मी उजव्या कप्प्यात आणखी एक पिशवी बसवली.

मे महिन्यात पाण्यावर गेलो.
चौतीसची सवय लागलेला त्याचा हात
अकरावर थरथरत होता; गाढव हाकायला दिलं होतं घोडेस्वाराला.
लाट दोनदा विरघळली.
तिसऱ्यांदा मी पुढच्या टाकीतलं थोडं पाणी सोडलं, पत्रा दोन बोटं उचलला,
आणि ती दोरी आत फेकून उभी राहिली.
आरशात बघू नये, पुढे बघावं, असा इथला नियम आहे.
तो आरशात बघत होता.
समोर श्रीमती ओडेगार्डांचा धक्का येत होता, मीच ओरडले.

मग त्याची पाळी.
पण आधी टाक्या रिकाम्या व्हायला हव्यात:
पंप चालू केला की सहा मिनिटं,
बोट हळूहळू पाठ सरळ करते,
बाजूच्या भोकांतून तळ्याचं तळ्याला परत.
दोघं एका बाकावर, ओला टॉवेल मध्ये.
काहीतरी बोलले. पंपाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही,
आणि मी आवाज कमी करायला गेले नाही.

धक्क्यावर परतल्यावर मी सांगितलं,
दुप्पट वेगाचे पंप येतात, तीन मिनिटांचं काम,
या शनिवारी बसवून देते.

आर्व्हिड लाल दोरीची गुंडाळी करत होता.
सोल्वेने बोर्ड पुसला, पुन्हा पुसला.
"राहू दे," तो म्हणाला.
"एवढी कसली घाई," ती म्हणाली.

बिलातून मी ती ओळ खोडली.